टीपकागद

"दाबून धर, पोरी. उचलून पाहू नोको."

आईचा आवाज. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि तो आवाज नेमका आत्ता, दवाखान्यातल्या या लहानशा खोलीत, कानाच्या पाळीपाशी आला. पाळीला डॉक्टरीणबाईंनी नुकतीच सुई टोचली होती. कांताचा हात आपोआप वर गेला. "हात लावायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही दाबलंत तर मला कळणार कसं?" कांतानं हात मांडीवर आणून दुसऱ्या हाताखाली ठेवला, अवखळ पोराला जवळ धरून बसवावं तसा. डॉक्टरीणबाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या आणि मधून मधून टीपकागदाची कड पाळीतून आलेल्या थेंबाला अलगद टेकवत होत्या. दर वेळी कागदावर एक लाल ठिपका. खिडकीच्या चौकटीवर कोळशाची धूळ बसलेली, बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण, आणि कागदावर ठिपक्यांची रांग हळूहळू लांबत चाललेली. ही रांग कशी असायला हवी ते कांताला ठाऊक होतं. पहिला ठिपका पुनवेच्या चंद्राएवढा, पुढचा त्याहून लहान, मग अर्धा, मग कोर, आणि मग कोरा कागद. अवस आली की रक्त थांबलं. डॉक्टरीणबाईंनीच तिला मागे हे समजावलं होतं, सोमारीचा कागद दाखवताना. सोमारीच्या कागदावर कधी अवस आलीच नव्हती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्या पुनवाच. आणि आता कांता आपल्या कागदाकडे बघत होती आणि तिचे चंद्रही कमी व्हायला तयार नव्हते.

"कांताबाई, तुम्ही कसलं औषध घेता का?"

"नाही बाई."

"आठवून सांगा. गेल्या चार-आठ दिवसांत?"

"नाही जी. मी औषधाची माणूसच नाही."

डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरला. मग सहज विचारावं तसं विचारलं, "डोकं दुखल्यावर काय करता?"

"ते होय," कांता म्हणाली, "ते काय औषध आहे का? उपोसथाचा उपास असला का संध्याकाळी दुखते. मग एखादी पांढरी गोळी घेते. किराण्याच्या दुकानातली."

"आणि हा उपोसथ कधी होता?"

"काल अष्टमी होती ना."

डॉक्टरीणबाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि चष्मा काढला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कांताला बरं वाटलं असतं.

सोमारी ही एटापल्लीकडची, सूरजागडच्या डोंगरामागल्या गावची माडिया पोर. तिकडचा जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला त्या साली तिचा बाप जंगू तिला चंद्रपूरला कांताच्या वसतिगृहात सोडून गेला होता. ठेंगणी, काळीसावळी, झाडावर चढण्यात पटाईत. कांता तिथली अधीक्षिका. पोरींची नुसती 'बाई'. गेल्या दिवाळीनंतर सोमारीच्या नडग्यांवर निळे-जांभळे डाग दिसायला लागले. कांताला आधी वाटलं, पोर पुन्हा झाडावरून पडली. मग हिरड्यांतून रक्त, मग नाकातून; एकदा प्रार्थनेला बसल्या बसल्या पांढऱ्या फ्रॉकवर. दवाखान्यात कळलं की पोरीच्या रक्तात काही बारीक चकत्या असतात त्या कमी आहेत. आठवीच्या पुस्तकात त्यांना रक्तबिंबिका म्हटलेलं. डॉक्टरीणबाई प्लेटलेट म्हणत. चकत्या तयार होत होत्या, पण पोटातली पाणथरी त्यांना परकं समजून खाऊन टाकत होती. गोळ्यांनी थोडं थांबलं, पोरीचं तोंड पुरीसारखं फुगलं, आणि गोळ्या कमी करताच पुन्हा डाग. आता पाणथरी काढायची ठरली होती. पोट उघडताना रक्त थांबायला हवं, म्हणून सोमारीला दुसऱ्याच्या चकत्या हव्या होत्या, त्याच सकाळी काढलेल्या, ताज्या. पेटीतल्या थंड बाटलीत रक्त टिकतं, चकत्या टिकत नाहीत. सोमारीचा गट हजारात शोधावा असला. जंगूचा जुळला नाही, स्वयंपाकीण गिरजाबाईचा नाही, शिक्षकांपैकी कोणाचा नाही. कांताचा जुळला. त्या दिवशी कांता वसतिगृहात परत आली ती जमिनीवर पाय न लागल्यासारखी. बाहेर कोणाजवळ बोलली नाही, पण आत कुठेतरी वाटलं होतं की इतक्या वर्षांची शीलं, इतक्या पौर्णिमा, रक्तात कुठेतरी साठून राहिल्या असतील. आणि त्या आता कामी येतील.

"तुमच्या चकत्या मेलेल्या नाहीत," डॉक्टरीणबाई सांगत होत्या. "जखम झाली की त्या धावत जातात, एकमेकींना धरतात, भोक बुजवतात. या गोळीनं काय होतं, त्या जातात पण धरत नाहीत. नुसत्या वाहून जातात. आणि एकदा बाधली ती चकती मरेपर्यंत तशीच. नव्या तयार होतात त्या चांगल्या असतात. तेव्हा आता आठ-दहा दिवस थांबायचं. ऑपरेशन पुढं ढकलते. तुम्ही फक्त एक करा. काही करू नका. ती गोळी घेऊ नका. बाकी तुमचं शरीर बघून घेईल."

खोटं न बोलण्याचं शील कांता रोज पहाटे घेत होती. आणि आज विचारल्यावर तिनं सरळ 'नाही' म्हटलं होतं. जाणून म्हटलं नव्हतं, हे खरं. पण जाणून नव्हतं म्हणून रक्त थांबलं नव्हतं, हेही खरंच. व्हरांड्यात येताना तिनं पाळीला कापूस लावून धरला होता आणि ती चालत होती स्वतःच्या शेजारून, कोणी दुसऱ्याच बाईला घरी पोचवायला निघाल्यासारखी.

जंगू व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून बसला होता. शेजारी गाठोडं, गाठोड्यावर पाण्याचा तुंबा. कांतानं त्याला सगळं सांगितलं. गोळीचंही सांगितलं. सांगताना आवाज इतका खाली गेला की त्याला पुढं वाकावं लागलं.

"म्हणजे बाई," तो म्हणाला, "तुमचा देव डोकं दुखवते?"

"देव नाही, जंगूभाऊ. दुपारनंतर जेवायचं नाही, असा नेम आहे. चहा पण नाही. चहा सुटला का डोकं धरते."

"मंग चहाच तुमचा पेन आहे," जंगू म्हणाला. पेन म्हणजे त्यांच्याकडे देव. कांताला अशा वेळी हसू यायला नको होतं, ते आलं. तोही हसला. समोरच्या भिंतीपलीकडे कुठलं तरी झाड पान गाळत होतं, त्याकडे बघत राहिला. "आमच्याकडं मोहाचं फूल पडाले लागलं असन. उशीर केला तं अस्वल खाऊन टाकते. पहाटेच जा लागते. बायको एकटी जाऊन राह्यली असन."

"तुम्ही जाऊन या. मी आहे ना सोमारीजवळ."

"नाई. इथलं अस्वल मोठं आहे." त्यानं आपल्या डाव्या कुशीवर हात ठेवला, पाणथरी जिथं असते तिथं. "पोरीचा मोह रोज पडते आन् हे रोज खाते. तुम्ही म्हणता का तुमचं रक्त आणता. बरं. पण मले साफ सांगा बाई, आणता का नाई आणत? आमच्यात पेनासमोर सांगा लागते."

कांताजवळ तसा समोर सांगायला कोणी देव नव्हता. तिनं जंगूकडेच बघितलं. "आणते," ती म्हणाली. "गोळी घेणार नाही. रक्त आणते."

आत वॉर्डात सोमारी खाटेवर पाय हलवत बसली होती. नडग्यांवरचे डाग आता पिवळे पडत चालले होते आणि कोपरावर नवे आले होते. गावाकडे तिची आजी म्हणत होती की पोरीच्या कपाळावर गोंदण करायचं वय झालं, आणि डॉक्टरीणबाईंनी सुईचं नाव काढू नका म्हणून बजावलं होतं. त्यामुळे सोमारी सगळ्या वॉर्डाला सांगत असे की पाणथरी काढली का मी गोंदणार. कांता तिच्याजवळ बसली तेव्हा तिनं बराच वेळ विचार करून विचारलं, "बाई, तुमचं रक्त मले भरल्यावर मी पण संध्याकाळी जेवाचं नाई का?"

"तू जेवायचं. पोटभर जेवायचं."

"मंग तुमचं रक्त मले आतून रागवन."

त्यानंतरचे दिवस कांतानं कसे काढले ते बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं नसतं, कारण बाहेरून काहीच बदललं नव्हतं. पहाटे वंदना, पोरींच्या वेण्या, भाजी निवडणं, संध्याकाळी दवाखाना. पण आत ती सारखी कान देऊन बसली होती. नव्या चकत्या कुठं तयार होत असतील? डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हाडांच्या आत. ती जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवी आणि वाटे, इथंच, या दुखऱ्या हाडात, तिला न विचारता, तिच्या पुण्याची चौकशी न करता, काम चालू आहे. हे तिला आधी जरा लागलं. ती इतकी वर्षं जे सांभाळत आली त्याचा या कामाशी काही संबंधच नव्हता. मग एके दिवशी तांदूळ निवडता निवडता त्यातच तिला हलकं वाटलं. न विचारता होतंय तर होऊ दे.

फक्त एक गोष्ट सुटत नव्हती. तिला बघायचं होतं. शिवणाच्या डब्यात सुया होत्या, पोरींच्या दप्तरात टीपकागद. एका दुपारी पोरी शाळेत असताना तिनं दार लोटून घेतलं, कागदाचा तुकडा काढला, सुई पेटत्या काडीवर धरली. एक ठिपका, मग दुसरा, इतकंच बघायचं होतं, कमी होतोय का. डाव्या हाताचं बोट पुढं धरलं, आणि त्या बोटावर जुनी पांढरी रेघ दिसली. विळ्याची. मूल तालुक्यातल्या त्यांच्या गावी धान कापताना विळा बसला होता. ती तेव्हा अकरा वर्षांची असेल. आदल्या दसऱ्याच्या सुमाराला आई केसरबाई पांढरं लुगडं नेसून चंद्रपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती, आणि घरातले जुने देव नदीत गेले होते. आईनं पदराची चिंधी बोटावर दाबली आणि नवीन पाठ केलेलं त्रिसरण, तीनदा शरण जायचं बौद्ध वंदन, मोठ्यानं म्हणायला लागली. अर्धे शब्द चुकलेले, जिथं आठवेना तिथं नुसतं गुणगुणणं. कांता दर ओळीला चिंधी उचलून बघायची आणि दर वेळी रक्त पुन्हा यायचं. शेजारच्या शेताच्या धुऱ्यावरच्या बाया हसत होत्या, "केसर, नवा मंत्र काई काम करून नाई राह्यला." आईनं पाठ थांबवला. "मंत्र नाई थो," ती त्यांना म्हणाली, "टाइम आहे. तिसरं सरण होईस्तोवर हात दाबून ठेवाचा, येवढंच. हे पोट्टी धीरच धरत नाई." मग कांताकडं वळून: दाबून धर, पोरी. उचलून पाहू नोको. तू पाहतं म्हणून थे तुटते.

कांतानं सुई डब्यात ठेवली. कागदाचा तुकडा चुलीत टाकला.

पौर्णिमा फाल्गुनातली होती, म्हणजे होळी. दुपारी बारा वाजायच्या आत तिनं भात-वरण खाल्लं, पांढरं पातळ नेसली, दोन तसबिरींसमोर मेणबत्ती लावून अष्टशील, उपोसथाचे आठ नेम, घेतलं. गिरजाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघत होती. "बाई, यंदाची पुनव सोडा ना. का पोरीसाठी इतकं करून राह्यल्या तं एक डाव चहा प्या, डोकं दुखणार नाई, गोळी लागणार नाई. झालं." बोलणं बरोबर होतं. कांतानंही आदल्या दिवशी हाच हिशेब केला होता आणि तो कुठंच चुकत नव्हता. तरी ती म्हणाली, "पाहू."

चार वाजता डोकं धरलं. आधी डाव्या डोळ्यामागं एक धागा ओढला गेला, मग तो धागा कोणी खुंटीला गुंडाळत नेला. चौकात पोरांनी रिकामे डबे बडवायला सुरुवात केली होती. शिमग्याची बोंब उठली की कांताच्या कवटीत ती पुन्हा एकदा उठे. वीज केंद्राच्या बाजूनं धुराचा वास, होळीच्या लाकडांचा वास, कोणाच्या घरी पुरणाचा वास, आणि या सगळ्याच्या वर, कशानं झाकता न येणारा, गिरजाबाईच्या चहाचा. कपाटात, साबणाच्या वडीमागे, अष्टमीच्या पाकिटातली उरलेली एक गोळी होती. फेकायची राहिली होती की राहू दिली होती? गोळी घेतल्यानं उपोसथ मोडत नाही, औषधाला मनाई नाही. आजवर ती हेच म्हणत आली होती. पण त्या वेळी अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पडल्यावर तिला वाटलं, मग इतकी वर्षं आपण नेमकं काय केलं? उपाशी राहिलो आणि उपाशीपण गोळीखाली दाबून टाकलं. आईचंही डोकं दुखायचं. आई पदर माठातल्या पाण्यात बुडवून कपाळाला बांधायची आणि भिंतीला टेकून बसायची. विचारलं तर म्हणायची, बसू दे त्याले, पाहुणा आहे, सकाळी जाते.

ती उठली. कपाटाकडे गेली. गोळी तळहातावर घेतली. चंद्रासारखीच गोल, पांढरी, खडूच्या वासाची. दारात गिरजाबाई उभी होती. कांतानं गोळी तिच्यापुढं धरली. "हे तू ठेव. मी मागितली तरी देऊ नको."

"मागसान तं शिव्या देईन," गिरजाबाई म्हणाली. "पुनव आहे म्हणून सोडणार नाई."

"दे."

मग माठातलं पाणी, पातळाचा पदर, भिंत. बाहेर डबे बडवत होते. ओल्या पदराखाली तिला पाण्याचा आवाज आला. आधी वाटलं माठ गळतोय. मग कळलं की हे पाणी जुनं आहे, धानाच्या शेतातल्या बांधीतलं. एका वर्षी रोवणा, रोपांची लावणी, चालू असताना वरच्या तलावाचं पाणी चढलं आणि बांधीची मातीची पाळ फुटली होती. कोवळं रोप सगळं वाहून जाणार. पुरुष कुदळी आणायला पळाले, आणि बाया? बायांनी कोणी सांगायची वाट पाहिली नाही. आई पहिली उतरली फुटलेल्या जागी, तिच्या मागं दुसरी, तिसरी. लुगडी खोचलेली, दंडात दंड अडकवलेले, पिंडरीला पिंडरी लावलेली. पाणी त्यांच्या पायांवर आदळून थबकलं. त्यांच्या पायांमागे पुरुष चिखल थापत गेले, पेंढा टाकला, पुन्हा चिखल, आणि पाळ धरली. लहानगी कांता काठावर रडत होती, कारण आईचा हात सुटला तर? आई वळूनसुद्धा बघत नव्हती. ती शेजारणीशी बोलत होती, हसत होती, बहुतेक कोणाच्या तरी सुनेबद्दल. डोळ्यामागचा धागा ओढत राहिला. कांता त्या बायांकडे बघत राहिली. धरा, ती मनात म्हणाली. तिला स्वतःलाही नीट कळलं नाही की हे ती कोणाला सांगत होती, आईला, की हाडांच्या आत नुकत्याच जन्मलेल्या त्या चकत्यांना. केव्हा तरी डबे थांबले. केव्हा तरी झोप लागली. सकाळी उठली तेव्हा पदर वाळून कडक झाला होता आणि पाहुणा निघून गेला होता.

धुळवडीच्या संध्याकाळी ती दवाखान्यात गेली तर रस्त्यावर सगळीकडे रंग. वॉर्डाच्या दारात जंगू भेटला. त्यानं तिच्या तोंडाकडे बघितलं, पाऊस पडून गेल्यावर जमिनीकडे बघतात तसं, आणि बाजूला झाला. आत सोमारीचं नाक पुन्हा वाहायला लागलं होतं. कांतानं पोरीला पुढं वाकवून नाकाचा मऊ भाग चिमटीत धरला आणि हलकेच त्रिसरण म्हणायला लागली. सोमारी वसतिगृहात रोज ऐकायची; तिला पाठ होतं. तीही नाकातून म्हणायला लागली, तेव्हा शब्दांचं असं काही झालं की शेजारच्या खाटेवरची म्हातारी धुरपता खुदकन हसली. मध्येच सोमारीनं कांताचा हात ओढला, "थांबलं का ते पाहा ना बाई."

"पाहायचं नाही. तिसरं होऊ दे."

तिसरं झालं. मग पुन्हा पहिल्यापासून झालं. कितीदा झालं ते कांतानं मोजलं नाही. शेवटी थांबलं.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे वसतिगृह झोपलेलं होतं. उपाशी येऊ नका, असं डॉक्टरीणबाईंनी दोनदा बजावलं होतं, म्हणून वंदना झाल्यावर कांता पोह्यांसाठी कांदा चिरायला विळीवर बसली. गिरजाबाई चूल पेटवत होती. "मी चिरते म्हटलं तं ऐकसान तं शप्पथ," ती म्हणत होती, आणि तेवढ्यात पातं बोटाला लागलं. फार नाही. जुन्या पांढऱ्या रेघेच्या जरा खाली. एक थेंब वर आला, गोल, भरलेला. कांतानं तो बघितला, आणि अंगठा त्यावर ठेवून दाबला.

"हाय रे देवा. आजच. पाहू, पाहू कितीक लागलं."

"नाही लागलं."

दाबलेलं बोट तसंच ठेवून तिनं उजव्या हातानं पोहे खाल्ले, सगळे खाल्ले, वर एक पेला दूधही घेतलं. गिरजाबाईनं पिशवी खांद्याला अडकवून दिली, चपला पायापुढे सरकवल्या. "आता तं उचला ना अंगठा. थांबलं का नाई ते तरी कळू द्या. दवाखान्यात पुन्हा कान टोचन थे बाई. नाई जमलं तं?"

"टोचू दे."

"तुमाले भेव नाई लागून राह्यलं?"

"लागते ना," कांता म्हणाली.

तिनं कडी काढली. रस्त्यावर कालपरवाचा रंग अजून होता, मातीत मिसळून फिका पडलेला. दूर वीज केंद्राच्या धुराड्यावर उजाडत होतं. दवाखान्याच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसलेल्या जंगूला ती इथून दिसणार नव्हती, पण तो रस्त्याकडेच बघत असणार. अंगठ्याखाली बोटात ठोका लागत होता, बारीक, एकसारखा. कांतानं मनातल्या मनात पहिलं सरण सुरू केलं, आणि हात छातीशी धरून, बोट न उचलता, चालायला लागली.